बकुळाचा ओटा

आमच्या घरात संडास एकच. एवढं सांगितलं की घरातली निम्मी भांडणं सांगून झाली. माझी धाकटी जाऊ बकुळा पहाटे आत गेली की बाहेर यायचं नाव नाही. मी दारावर थापा मारायचे. "अगो, आत बिऱ्हाड मांडलंस काय?" आतून नुसता बादलीचा आवाज. मग भिंत धरून ती बाहेर यायची, तोंड पांढरंफटक, आणि माझ्याकडे न बघता पाटी उचलून बंदराची वाट धरायची.

मी मथुरा, घरातली थोरली. माझा नवरा मुंबईला, तो गणपतीला आणि शिमग्याला दिसतो. बकुळाचा शिवा दुसऱ्याच्या लाँचवर तांडेल, लाँच तोच हाकतो, म्हणून पाण्यावरच जास्त. म्हणजे घर काय ते आम्हा दोघींचं आणि बकुळाच्या पोरीचं, सलोनीचं. जावा-जावा उभा दावा म्हणतात ते खोटं नाही. पण दावा मांडायला आम्हाला तरी दुसरं होतं कोण? भांडायचो आणि एकाच टोपातली पेज जेवायचो.

सगळ्यात मोठा दावा ओट्याचा. मासळी बाजारात आमच्या सासूचा, सोनूबाईचा, ओटा होता. दारातून आत शिरलं की पहिलाच. गिऱ्हाइकाची पहिली नजर त्याच्यावर पडते. असा ओटा सासूकडून सुनेकडे येतो आणि तो बसण्याने राहतो. घरातलं कोणी बसेनासं झालं की शेजारीण आपली फळी सरकवत सरकवत आत येते, आणि मग तिला उठवायला ब्रह्मदेव आला तरी ती उठत नाही. म्हातारी थकली तेव्हा रीतीने ओटा माझा. पण ती म्हणाली, "मथुराची जीभ गिऱ्हाईक पळवते. बकुळा बसेल." झालं! माझ्या डोळ्यांदेखत ओटा धाकटीला गेला. म्हातारी गेली तरी मी पुष्कळ दिवस धुमसले. म्हातारीचं खरं होतं, म्हणूनच जास्त धुमसले.

कारण बकुळाला ओट्यावर बघायला हवं होतं. घरात तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि तिथे बसली की राणी. कोणी बाई बांगडा हातात धरून विचारायची, "ताजा आहे का?" बकुळा म्हणायची, "वहिनी, जरा हळू दाबा, तो अजून झोपलाय." बाई हसली की संपलं, पिशवी उघडलीच. कोणाच्या घरी जावई आलाय, कोणाच्या सासूला काटे चालत नाहीत, सगळं तिला ठाऊक. आमच्या घरात पोरीच्या शिक्षणापासून छपरापर्यंत जे काही झालं ते त्या ओट्यावर झालं. आणि बकुळाचं म्हणाल, तर तिला स्वतःचं असं तेवढंच होतं.

पण तिथे बसायचं म्हणजे पोट बांधून बसायचं. बाजारातल्या संडासाला कायम कुलूप, चावी कोणाकडे ते देवाला ठाऊक. म्हणून सगळ्याच बायका पाटी रिकामी होईपर्यंत पाणी पीत नाहीत. कोरा चहा, तोही घोटभर. आमच्यात हे कोणाला दुखणं वाटत नाही, धंदाच तसा आहे.

मग भावकीतल्या सागरचा साखरपुडा झाला, गुहागरकडच्या एका वाडीत. तिथली कोळंबी बाधली की विहिरीचं पाणी, कोण जाणे, अख्खं वऱ्हाड आडवं झालं. परतताना टेम्पो किती वेळा थांबवला ते विचारू नका, लाज वाटते. जुलाब, ताप, पोटात पीळ. मीही झोपले, सलोनीही झोपली. आठवड्याभरात सगळे उठून कामाला लागले. बकुळाही लागली. पण तिचं पोट काही थांबलं नाही.

आव पडतेय म्हणाली. आमच्याकडे आवेला कुड्याची साल. मी स्वतः गावामागच्या सड्यावरून साल आणली, काढा केला, कडू जहर, तिने नाक दाबून प्यायला. डाळिंबाची साल झाली, मेडिकलातल्या गोळ्या झाल्या. चार दिवस बरं, परत तेच. रक्त पडत होतं ते तिने सांगितलंच नाही. सांगणार कोणाला? नवरा समुद्रात आणि जाऊ दारावर थापा मारतेय. तिने आपला उपाय काढला, खायचंच बंद केलं. पोटात काही नाही तर जाणार काय? अशी ती बाजारात बसायची, वर हसायची, आणि पोलकी रोज ढगळ होत चालली होती. एके दिवशी ओट्यावरच चक्कर येऊन पडली. शेजारच्या ओट्यावरच्या सखूने तिला घरी आणून सोडलं आणि मला म्हणाली, "मथुरा, हिच्या साडीला रक्त आहे, आणि पाळी वाटत नाही गो."

तिला पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं, तरुण, देवरूखकडचे, हर्षद नाव. दुर्बीण घालून बघितलं, आतला तुकडा तपासायला धाडला. मग आम्हाला समोर बसवून म्हणाले, "मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत. ही आव नाही." मी म्हटलं, "जेवणातनं बाधलं तेच ना?" ते म्हणाले, "जंतू केव्हाच गेले. पण जंतू आत शिरले की अंगातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, धावा, चोर आलाय. मग पहारेकरी धावतात, मारामारी करतात, आग लावतात. चोर गेला की दुसरा निरोप जायला हवा, आता पुरे, घरी जा. यांच्या पोटात तो दुसरा निरोप पोचतच नाही. पहारेकरी अजून मारताहेत, आणि मारताहेत ते घरच्याच माणसांना."

"म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं," मी म्हटलं.

"तसंच."

"पण जेवलो तर आम्ही सगळेच. हिलाच का?"

डॉक्टर म्हणाले, "नक्की कोणालाच सांगता येत नाही. काहींच्या अंगात ते आधीपासून दबा धरून असतं. मोठे जुलाब हे एखादे वेळी नुसतं निमित्त होतं." मला राग आला. एवढं शिकून सवरून निमित्त! पण खोटं बोलले नाहीत हे नंतर बरं वाटलं.

बकुळाने एकच विचारलं. "मला बाजारात बसता येईल?"

"येईल. गोळ्या रोज घ्यायच्या. बरं वाटलं तरी घ्यायच्या. रोग बरा होत नाही, झोपतो. गोळी बंद केलीत की उठेल."

आधी जोरकस गोळ्या झाल्या, त्यांनी तोंड सुजून गोल झालं. सखू म्हणाली, "बाय माझी, बाळसं धरलंन." मग त्या हळूहळू कमी केल्या आणि रोजच्या साध्या ठेवल्या. रक्त थांबलं. बकुळा जेवायला लागली. पहाटे संडासातून वेळेत बाहेर यायला लागली, आणि माझं थापा मारायचं काम गेलं. त्या हंगामात ती अशी काही बसली की शिवासुद्धा म्हणाला, "आमची बायको परत आली." मला वाटलं, चला, सुटलो. हे मला नेहमी फार लवकर वाटतं.

पावसाळा तोंडावर आला आणि मासेमारी बंदी लागली. बंदी म्हणजे आमच्याकडे सगळंच बंद. लाँच वर ओढतात, इंजिन उघडून ठेवतात, जाळी शिवायला बसतात, खलाशी गावाला जातात. बाजारात खाडीचे आणि सुकटाचे तेवढे वाटे. बायका घरी. हातांना आराम. बंदीत डिझेल जळत नाही, बर्फ लागत नाही, लागत नाही ते कोणी वापरत नाही. हा आमच्या हाडातला हिशेब आहे.

नारळी पुनव झाली, समुद्रात नारळ सोडले, लाँचेस बाहेर पडल्या. बकुळा पहिल्या लिलावाला गेली आणि तिसऱ्या दिवशी तिला उभंच राहवेना. ताप, पोट फुगलेलं, आणि रक्त असं की मी बघून थेट रिक्षा बोलावली. सलोनी रडत म्हणाली, "काकी, गोळ्या मीच आणायचे ना? आईने पूर्ण बंदीत एकदाही मागितल्या नाहीत. मला वाटलं तू आणतेस."

हॉस्पिटलात ती खाटेवर पडलेली असताना डॉक्टरांनी तिला विचारलं, "गोळ्या का थांबवल्यात?"

"बंदी होती ना डॉक्टर," बकुळा म्हणाली. अगदी साधेपणाने, दिवस उजाडला म्हणावं तसं.

"कसली बंदी? गोळ्यांवर?"

देवरूखच्या डोंगरातल्या माणसाला काय कळणार! शेवटी मी सांगितलं. "डॉक्टर, गोळी घ्यायची ती बाजारात बसता यावं म्हणून. बंदीत बाजार नाही. घरी संडास जवळ आहे, चारदा जावं लागलं तरी कोण बघतंय? मग गोळी कशाला फुकट घालवायची, असा हिचा हिशेब." ते आधी हसले. मग चष्मा काढून डोळे चोळत बसले. म्हणाले, "ती गोळी बाजारासाठी नव्हती हो. आतड्यासाठी होती." बकुळाला आतडं आणि बाजार वेगळे कधी वाटलेच नव्हते.

मग सलाईनमधून औषधं. रोज डॉक्टर पोट दाबून बघायचे आणि बाहेर येऊन मला सांगायचे, सूज उतरली नाही तर कोल्हापूरला नेऊन मोठं आतडं काढून टाकावं लागेल, पोटावर पिशवी बसवतात. मी बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. मला रडूही येत नव्हतं, इतकी दमले होते. शिवा लाँच सोडून आला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसला. असा बुजलेला तांडेल मी कधी बघितला नव्हता.

आणि बकुळा? शुद्धीत आली की विचारायची, "ओट्यावर कोण आहे?"

कोणी नव्हतं. सखूची फळी अर्धी आत आली होती, ते मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सलोनीला आईजवळ बसवलं आणि पाटी घेऊन मी गेले. गुडघे दोन्ही गेलेले माझे. ज्या ओट्यासाठी जन्मभर धुमसले त्याच्यावर बसले आणि पहिल्या तासात कंबर धरली. सखूला म्हटलं, "फळी काढ." ती म्हणाली, "अगो, मी राखत होते." म्हटलं, "राखण कळली. काढ."

आतडं वाचलं. एक नवं इंजेक्शन निघालंय, पेशी जो निरोप धाडतात तोच वाटेत अडवणारं. ते ठरल्या मुदतीने शिरेतून द्यायचं. छातीचा फोटो, क्षयाची तपासणी, सगळं करून मग दिलं. डॉक्टर म्हणाले, "निरोप अडवला की आग विझते. पण लक्षात ठेवा, खरा चोर आला तरी आता पहारेकरी उशिरा उठणार. कच्चं खाऊ नका, जखम होऊ देऊ नका." बकुळाने मान हलवली. मासे विकणारी बाई आणि जखम होऊ देऊ नका! मला तेव्हाच बोलायचं होतं, पण ती हसत होती. किती दिवसांनी हसत होती.

ती परत बसली. रोजच्या गोळ्या मी समोर उभी राहून गिळायला लावायचे. दिवाळीनंतर शिंगाळा माशाचा काटा तिच्या तळव्यात गेला. आमच्या बायकांना असे काटे रोजचेच, चोखून थुंकतात, वर हळद दाबतात. तिनेही तेच केलं. संध्याकाळी हात सुजला, सकाळी लाली कोपरापर्यंत आणि अंगात भट्टी पेटलेली. परत तेच हॉस्पिटल, तोच बाक. डॉक्टरांनी हात चिरून पू काढला. म्हणाले, "समुद्राच्या पाण्यातले जंतू वाईट असतात. आणखी उशीर झाला असता तर हात गेला असता, कदाचित जीवही. धंदा सोडा असं मी म्हणत नाही. पण उघड्या हाताने मासा धरायचा नाही."

आगीतून फुफाट्यात. पहारा ठेवला तर आतडं जातं, पहारा काढला तर काटा मारतो. देवा, कुठल्या जन्माचं हे?

आम्ही तोड काढली. जाड रबरी हातमोजे आणले. बोलणं बकुळाने करायचं, विळी माझ्याकडे. जोडी बरी होती. मी मान खाली घालून कापायचे आणि जीभ दाताखाली ठेवायचे.

पण गिऱ्हाईक आलं की आधी तिच्या हातांकडे बघायचं. आमच्या बाजारात हातमोजे घालून कोणी बसत नाही. "काय झालं गो हातांना?" बकुळा खरं सांगायची. तिला वाटलं, खरं सांगितलं की संपेल. ते बाजारभर झालं. पोटाचं आहे म्हणे, रक्ताचं आहे म्हणे, लागट आहे म्हणे, म्हणून तर हात झाकते. ज्या बायका तिच्याशी घरच्या गोष्टी बोलायच्या त्या दारातून आत शिरून, आमच्याकडे न बघता, पुढे सखूकडे जायला लागल्या. मोजे होते माशापासून तिला वाचवायला, आणि लोकांना वाटलं, तिच्यापासून मासा वाचवायला घातलेत.

एक जुनी गिऱ्हाईक वहिनी होती, वर्षानुवर्षांची. तिला बकुळाने हाक मारली, "वहिनी, सरंगा बघा, तुमच्यासाठी ठेवलाय." वहिनी लांबूनच म्हणाली, "नको गं, घरात लहान मूल आहे."

बकुळा म्हणाली, "वहिनी, माझं तुम्हाला लागायचं नाही. माशाचं मला लागेल."

"हो का?" म्हणाली ती, आणि सखूकडे गेली.

मी विळीवरून उठणार तोच बकुळाने मोजे काढले. दोन्ही. बाजूला ठेवले आणि उघड्या हाताने सरंगा उचलला, ओल्या, काटेरी पाटीतून. "या वहिनी, मोजे नाहीत आता." तळव्यावरची चीर अजून ताजी, गुलाबी. वहिनीने मान वळवली. आणखी एक बाई थांबली. बकुळाचा चेहरा उजळला हो! देवाशपथ सांगते, त्या क्षणी तिला मरण चाललं असतं.

मी ओरडले. "टाक तो मासा! टाक म्हणते! त्या बाकावर मी परत बसणार नाही, ऐकतेस? तुझं मढं बघायला मी राहिले नाही हय!" आणि रडायला लागले, भर बाजारात, मासळीच्या हातांनी तोंड झाकून. इतकी वर्षं भांडले तिच्याशी, पण तिच्यावाचून घरात कोणाशी बोलणार होते मी?

बकुळाने सरंगा ठेवला, हात धुतले, उठली, आणि माझं मनगट धरून मला स्वतःच्या जागेवर बसवलं. "बस तू," म्हणाली. "आणि जीभ सांभाळ." पदर डोक्यावरून घेऊन ती गेली. सखूने आपली फळी आपणहून मागे ओढली.

आता ओट्यावर मी बसते. गिऱ्हाइकाशी भांडतेच, पण मासा ताजा असला की लोक शिव्यासुद्धा खाऊन घेतात. बकुळा घरी असते. इंजेक्शन चालू आहे, वजन भरलंय, डॉक्टर खूश आहेत, म्हणतात आतून आतडं गुळगुळीत दिसतंय. बघणारा म्हणेल, नशीब काढलंन. दुपारी मी पोचले की ती पडवीत बसलेली असते आणि विचारते, "आज काय आलं होतं?"

मी म्हणते, "काय नव्हतं गो. तारल्या नि मांदेली. बाजार थंड." रोज हेच सांगते. चांगलं सांगून तिचा जीव कशाला जाळायचा?

परवा सुरमईचा मारा आला, लाँचेस भरभरून. बाजार असा फुलला की श्वास घ्यायला उसंत नव्हती, बारापर्यंत पाटी साफ. घरी आले, चपला काढल्या. "आज काय आलं होतं?"

"काय नव्हतं गो."

न्हाणीकडे वळले तर तिने माझा पदर धरला. "खोटं कशाला बोलतेस? अंगाला सुरमईचा वास येतोय तुझ्या."

मी पदर सोडवून घ्यायला गेले.

"इतक्यात आंघोळ करू नको," ती म्हणाली. "वायच बस हय."

मी बसले, गुडघे ठणकत होते तरी. तिने माझ्या खांद्यावर नाक टेकलं आणि डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "मोठ्या होत्या?"

"हाताएवढ्या," मी म्हटलं.

"कोण कोण आलं होतं?"

मग मी तिला सगळं सांगितलं, बाजाराचं दार उघडलं तिथपासून.